गर्भहृदयाचे परीक्षण : प्रतिमा, ध्वनी आणि यंत्र-अध्ययन

फलनानंतर सुमारे २२ दिवसांनी गर्भाचे हृदय स्पंदू लागते. श्राव्यातीत ध्वनीने त्याचे परीक्षण दोन प्रकारे होते. सोनोग्राफीत प्रतिमा मिळते. हातात धरायच्या साध्या डॉप्लर यंत्रात केवळ ठोके ऐकू येतात. ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते. येथे हलतात त्या हृदयाच्या भिंती आणि झडपा.

जन्मजात हृदयदोष हजार जन्मांमागे सुमारे आठ ते दहा बालकांत आढळतात. रचनेतील दोष दिसतो तो प्रतिमेतच, आणि तोही पाहणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून. महारोहिण्यांची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची, अदलाबदल झालेली असतानाही हृदयाचे चारही कप्पे बिनचूक दिसू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०२१ मध्ये १,३२६ तपासण्यांतील १,०७,८२३ प्रतिमांच्या आधारे यंत्र-अध्ययनाची, म्हणजे मशीन लर्निंगची, प्रणाली सिद्ध केली. ती प्रथम आवश्यक दृश्ये निवडते, मग निरोगी व सदोष हृदय वेगळे करते.

ध्वनीची वाट निराळी. परिचारिका पोटावर जेल लावून यंत्र टेकवते. मिनिटाला ११० ते १६० ठोके म्हणजे बाळाचे. यंत्र जरा सरकले आणि आकडा ऐंशीवर आला, तर बहुधा आईचीच धमनी ऐकू येत असते. नोंद विश्वसनीय आहे का, हे ठरवण्यात संगणकाची मोठी मदत होते. ग्वाटेमालात माया सुइणींच्या हाती मोबाइलला जोडलेले असे डॉप्लर देऊन एमरी विद्यापीठाने हे काम केले. मुंबईच्या केअरएनएक्स कंपनीचे ‘फिटोसेन्स’ही ठोक्यांची नोंद मोबाइलवर घेते.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजासारख्या तालुक्यात प्रतिमा आणि ध्वनी यांतील हा भेद केवळ तांत्रिक राहत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. त्यामुळे सोनोग्राफी यंत्र वाटेल तेथे नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. साधे डॉप्लर चित्रच काढत नाही, तेव्हा त्यातून लिंग कळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आरोग्य उपकेंद्रासाठी ते अधिक सोयीचे.

मात्र ठोके नियमित असले म्हणून रचना निर्दोष ठरत नाही. अठरा ते बावीस आठवड्यांतील सोनोग्राफी त्यामुळे टळत नाही. अदलाबदलीचा दोष तेव्हाच कळला, तर प्रसूती जवळच्या जालन्यात की त्याहून मोठ्या, बालहृदयतज्ज्ञ असलेल्या केंद्रात करायची, हे आधी ठरवता येते. कारण जन्मानंतर काही तासांतच बाळाची धमनीनलिका, म्हणजे या दोन धमन्यांना जोडणारी नळी, मिटू लागते, आणि ती उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध तत्काळ सुरू करावे लागते.