ग्रीन डेचा ‘बुलेट इन अ बायबल’: गर्दीसकट ऐकण्याचा अल्बम

मार्च 2025. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा संगीत महोत्सवात ग्रीन डे या बँडने पहिल्यांदाच भारतात वाजवलं. नाशिककरांसाठी तर हा बँड पंचवटी एक्सप्रेसच्या अंतरावर आला होता! ज्यांची ती संधी हुकली, त्यांच्यासाठी 2005 चा ‘बुलेट इन अ बायबल’ हा लाइव्ह अल्बम आहेच.

जून 2005 मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या मोकळ्या मैदानावर सलग दोन दिवस या बँडचे कार्यक्रम झाले. दोन्ही दिवस मिळून सुमारे 1 लाख 30 हजार श्रोते! ‘अमेरिकन इडियट’ हा त्यांचा अल्बम आदल्याच वर्षी आला होता, त्यामुळे बँड ऐन भरात होता. दिग्दर्शक सॅम्युअल बायरने ते सारं चित्रित केलं आणि नोव्हेंबरमध्ये सीडी-डीव्हीडी एकत्रच बाजारात आली.

ग्रीन डेची शैली पॉप-पंक, म्हणजे मोजके कॉर्ड, सुसाट ड्रम्स आणि पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसणारं धृपद. नाशिक ढोल सुरू झाला की बघ्यांचेही पाय थिरकू लागतात, तसं इथे गर्दीचं होतं. गायक बिली जो आर्मस्ट्राँग मध्येच थांबतो, लोकांना हाका घालतो, ओळी त्यांच्यावर सोपवतो. ‘किंग फॉर अ डे’ हे गाणं तर स्टुडिओतल्यापेक्षा दुपटीहून लांबतं, सॅक्सोफोनसह ‘शाउट’ या गाण्यात शिरतं. माइक डर्न्टचा बास आणि ट्रे कूलचे ड्रम्स ही लांबण जराही सैल पडू देत नाहीत.

स्टुडिओतली सफाई इथे नाही, आणि चाहत्यांना तीच गोष्ट आवडते.

शेवट ‘गुड रिडन्स’ या गाण्याने होतो. गाणी उलटसुलट न लावता सगळा अल्बम सलग ऐका, आवाज मोठा ठेवून.