हलका आहार आणि गहू : रुग्णालयातल्या ग्लुटेनमुक्त जेवणाविषयीचे गैरसमज

सीलिॲक आजार असलेला माणूस रुग्णालयात दाखल होतो तो बहुधा भलत्याच कारणाने. हाड मोडलेले असते, बाळंतपण असते, डेंग्यू झालेला असतो. सीलिॲकवर औषध नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लुटेन हे प्रथिन आहारातून पूर्णपणे काढून टाकणे हाच त्यावरचा उपचार. घरी हे पथ्य अंगवळणी पडलेले असते. दाखल झाल्यावर मात्र जेवण परक्या स्वयंपाकघरातून येऊ लागते आणि आजाऱ्याला झेपेल असा हलका आहार म्हणून तिथे जे शिजते, त्यातले पुष्कळसे गव्हाचेच असते : रव्याची खीर, दूध-दलिया, शेवयांचा उपमा, टोस्ट, चहाबरोबर बिस्किटे. पोळी डोळ्यांना दिसते, म्हणून ती टाळता येते. घात होतो तो या मऊ, गोड, निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांनी.

भोपाळसारख्या शहरात हा पेच जास्त जाणवतो. शेजारच्या सीहोर जिल्ह्यातल्या शरबती गव्हाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दाल-बाफले (बाफले म्हणजे कणकेचे गोळे) आणि पोह्यांसोबतची जिलेबी ही इथली नेहमीची खाणी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा जुनी राजधानी नागपूर सोडून सरकारी नोकरीबरोबर अनेक मराठी कुटुंबे इथे आली. तात्या टोपे नगर ही वस्तीही राजधानीच्या उभारणीतूनच वाढली. या भागातला रुग्ण जवळच्या जयप्रकाश जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘१२५० अस्पताला’त जावो, हमीदियात जावो, ‘एम्स’मध्ये जावो की एखाद्या खाजगी नर्सिंग होममध्ये, त्याच्याभोवतीची खाद्यसंस्कृती गव्हाचीच असते.

हा विलायती आजार आहे, आपल्याकडे तो अपवादाने होतो, हा समज डॉक्टरी पेशाबाहेरच नव्हे तर पेशातही बराच काळ होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात दर हजारी आठ ते नऊ प्रौढांना सीलिॲक आढळला. दक्षिणेत हजारी एकही नाही. आजाराला पोषक असणारी जनुके दोन्हीकडे होती. मोठा फरक ताटात होता : उत्तरेकडे रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेकडे २५ ग्रॅमच्या आसपास. लहान मुलांचा आजार, सतत जुलाब होणाऱ्या हडकुळ्या माणसांचा आजार, ही चित्रेही अपुरी आहेत. प्रौढांत तो अनेकदा लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग किंवा अकाली ठिसूळ झालेली हाडे अशा रूपात उघड होतो, आणि रुग्ण चांगला स्थूलही असू शकतो.

वॉर्डात सर्वांत जास्त गोंधळ ‘गव्हाची ॲलर्जी’ या शब्दांमुळे होतो. ॲलर्जीत गहू पोटात गेल्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. सीलिॲकमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती ग्लुटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे आतड्याचे सूक्ष्म उंचवटे झिजत जातात. हे नुकसान मुकाट्याने होते. म्हणूनच ‘काल चुकून पोळीचा तुकडा गेला, काही झालं तर नाही’ हा नातेवाइकांचा निर्वाळा फसवा ठरतो. लगेच त्रास झाला नाही याचा अर्थ आतड्याला इजा झाली नाही असा होत नाही, आणि एकदा झिजलेले आतडे भरून यायला प्रौढांत कित्येक महिने, कधी दोन वर्षांहूनही अधिक काळ लागतो.

‘थोड्याने काय होतं?’ या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देता येते. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे अडीच हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. सीलिॲकच्या प्रौढ रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन देऊन केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग, एखादा लहानसा कपटा. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असलेल्या पदार्थाला ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. असे अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्ले, तरी पोटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन जात नाही.

या हिशेबातून स्वयंपाकघराविषयीचा मोठा गैरसमज निकालात निघतो. ताटातली पोळी उचलून बाजूला ठेवली की उरलेले वरण-भात-भाजी ग्लुटेनमुक्त झाले, असे वाढणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. तसे होत नाही. पोळीवरची पिठी भातावर सांडलेली असते. उकळल्याने किंवा तळल्याने ग्लुटेन निकामी होते हेही खरे नाही. ते जंतू नव्हे, प्रथिन आहे, आणि स्वयंपाकाच्या आचेने त्याचा सीलिॲकच्या दृष्टीने असलेला धोका टळत नाही. ज्या कढईत समोसे-कचोरी तळली, त्याच तेलातला पापड चालत नाही. पोळ्यांच्या तव्यावर भाजलेली ज्वारीची भाकरीसुद्धा चालत नाही, आणि त्या भाकरीचे पीठ गव्हापाठोपाठ त्याच चक्कीवर दळले असेल तर तवा वेगळा ठेवूनही उपयोग नाही. रुग्णालयात दोनशे माणसांची कणीक मळली जाते त्या ओट्यावर हवेतही पीठ असते. म्हणून ग्लुटेनमुक्त ताट आधी करावे, वेगळ्या घासलेल्या भांड्यांत, वेगळ्या पळीने, आणि झाकून, नाव लिहून पाठवावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, क्रम बदलावा लागतो.

फोडणीतला हिंग हा भारतीय स्वयंपाकाचा खास मुद्दा. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. त्यात डिंक आणि पिठूळ पदार्थ मिसळलेले असतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. रुग्णालयातल्या पातळ वरणात, ताकात, मुगाच्या खिचडीत हिंग हमखास पडतो. परदेशी पुस्तिकांवरून काढलेल्या पथ्याच्या यादीत तो सापडत नाही. उपाय सोपा आहे : त्या एका माणसाची फोडणी जिरे-हळदीची करावी, किंवा तांदळाच्या पिठाचा हिंग वेगळा ठेवावा.

धान्यांच्या बाबतीत मराठी घरांत हल्ली एक नवा समज रुजला आहे : खपली गहू चालतो. चालत नाही. खपली हा जुन्या वाणाचा गहू आहे. मधुमेहात त्याचा उपयोग होवो न होवो, ग्लुटेन त्यात आहेच. शरबती, बाफल्यांसाठीचा कठीण गहू, ‘देशी’ गहू, सगळ्यांना हेच लागू. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. भोपाळमध्ये सत्तू हरभऱ्याचे म्हणून विकले जाते, पण त्यात जव किंवा गहू मिसळण्याची चाल आहे. ओट्समध्ये मूळचे ग्लुटेन नसले तरी शेत, गोदाम आणि गिरणीत त्यांत गहू मिसळतो, आणि थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. मधुमेहाच्या रुग्णाला ओट्स, दलिया आणि ‘मल्टिग्रेन’ पोळी देण्याकडे रुग्णालयांचा कल असतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि सीलिॲक एकाच व्यक्तीत आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. अशा रुग्णाच्या केसपेपरवर नुसते ‘डायबेटिक डाएट’ लिहिले, तर पथ्य पाळूनच अपथ्य घडते.

उलट बाजूने, ग्लुटेनमुक्त जेवण म्हणजे महागडी आयात पाकिटे, ती साध्या रुग्णालयाला कशी परवडणार, हाही गैरसमजच. तांदूळ, डाळी, बटाटे, भाज्या, दूध, दही, अंडी, केळी, पोहे, साबुदाणा हे सगळे मुळातच ग्लुटेनमुक्त आहे आणि कोणत्याही रुग्णालयाच्या कोठीत असते. सकाळी पोहे (वर शेव न घालता), दुपारी वरण-भात, भाजी, दही, संध्याकाळी भाताची पेज किंवा मऊ खिचडी, एवढ्यात साध्या रुग्णाचा दिवस निघतो. मराठी कुटुंबाला तर अर्धी यादी पाठच असते, कारण ती उपवासाची आहे : वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, साबुदाणा. भोपाळच्या दुकानांत वरीला मोरधन म्हणतात, आणि उपवासाचे कुट्टूचे पीठही मिळते. त्याचा गव्हाशी काही संबंध नाही. फक्त पीठ कुठे दळले ते विचारावे. रोज नुसता भात खाऊन मात्र भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा तापातून उठताना प्रथिने लागतात, आणि पोळी काढून टाकल्यावर तिच्या जागी काय द्यायचे हे ठरवणे आहारतज्ज्ञाचे काम आहे.

बहुतेक गोंधळ जेवणाच्या तीन वेळांच्या अधेमधे होतो. भेटीला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. बिस्किटाचा पुडा आणि ‘ताकदीसाठी’ माल्टचे पेय त्याच्या पिशवीत असते. हॉर्लिक्समध्ये गहू आणि जव दोन्ही असतात, बोर्नव्हिटात माल्ट असते, आणि हे माल्ट बहुधा जवापासून बनते. काही प्रथिन पावडरींतही ते असते. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो, त्यामुळे वाचण्याची सवय इथे कामी येते. सुट्या विकल्या जाणाऱ्या फरसाणावर मात्र वाचायला काही नसते. देवळातला शिऱ्याचा प्रसाद हा नाजूक विषय, पण शिरा रव्याचाच.

सलाईनमधल्या ग्लुकोजला ग्लुटेन समजून काही घरांत घबराट होते. दोघांचा काही संबंध नाही. ग्लुकोज ही साखर, आणि शिरेवाटे जाणारे द्रव ग्लुटेनच्या प्रश्नाबाहेर आहेत. जलसंजीवनीची साधी पुडीही साखर-क्षारांची असते. गोळ्या-कॅप्सूलमध्ये भर म्हणून स्टार्च असतो, पण तो बहुधा मका किंवा बटाट्याचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली स्पष्ट केले, की तोंडावाटे घ्यायच्या बहुतांश औषधांत ग्लुटेन नसते किंवा नगण्य असते. तेव्हा शंकेपोटी अँटिबायोटिक थांबवणे हे पथ्यापेक्षा मोठे अपथ्य; शंका असेल तर औषधनिर्मात्याला विचारावे. नाकातल्या नळीतून दिल्या जाणाऱ्या आहाराबाबत मात्र सावध राहावे लागते. कंपनीच्या तयार मिश्रणाच्या डब्यावर घटक छापलेले असतात, पण रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात वाटून केलेल्या पातळ आहारात दलिया, पीठ किंवा माल्ट असू शकते. बेशुद्ध रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही. सूप दाट करायला मैदा लावतात, हेही ‘लिक्विड डाएट’ लिहिताना विसरले जाते.

ग्लुटेनमुक्त जेवण मागणे म्हणजे नखरे, असे मानणाऱ्यांना या उपचाराचा इतिहास ठाऊक नसतो. हे पथ्य रुग्णालयाच्या वॉर्डातच जन्मले. विलेम डिके हे डच बालरोगतज्ज्ञ हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात काम करत. गव्हाविषयी त्यांना आधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव दिसेनासा झाला, आणि सीलिॲकची मुले सुधारलेली दिसली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. १९५० साली त्यांनी हा अभ्यास प्रबंधरूपात मांडला. त्याआधी अशा मुलांना केळ्यांवर ठेवण्याची पद्धत होती. ती मुले सुधारत, पण केळ्यांत काही औषधी गुण आहे असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. खरे कारण केळ्यांमुळे ताटातून गेलेला पाव होते.

म्हणून मागणी करायची ती उपचाराची म्हणूनच. दाखल होतानाच सांगावे, जुना बायोप्सीचा किंवा रक्ततपासणीचा कागद दाखवावा, आणि डॉक्टरांनी केसपेपरवर ‘सीलिॲक, ग्लुटेनमुक्त आहार’ असे लिहिले आहे ना ते पाहावे. नुसते ‘गहू नको’ लिहिले तर जव, माल्ट आणि रवा निसटतात. रवा म्हणजे गहू हे ऐनवेळी कित्येकांना सुचत नाही. तोंडी सांगितलेले पाळी बदलली की विरते, आणि अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवताना आहाराची सूचना नव्याने लिहावी लागते, ती राहून जाते. रुग्णाच्या पोषणाची तपासणी आणि गरजेनुसार आहार हा एनएबीएच या मानांकनाच्या निकषांचा भाग आहे, आणि आयुष्मान भारत योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचे जेवण धरलेले असते. घरचा डबा हाही मार्ग आहे, पण तो चालेल की नाही हे त्या त्या रुग्णालयाच्या नियमांवर आणि रुग्णाच्या अवस्थेवर ठरते. डबा आणला तरी गरम करायला तो पोळ्यांच्या तव्यावर जाऊ नये.

जिथे निदानच बाकी आहे, तिथे नियम उलटा. सीलिॲकचा नुसता संशय असताना उत्साहाने गहू बंद केला, तर रक्तातली प्रतिपिंडे घटतात, आतडे सुधारू लागते आणि बायोप्सीत काही सापडत नाही. अशा रुग्णाने रक्ततपासणी आणि एन्डोस्कोपी होईपर्यंत गहू खात राहायचे असते. पथ्य त्यानंतर, आणि मग जन्मभर. सख्ख्या नात्यातल्यांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे त्यांचीही रक्ततपासणी सुचवली जाते.

घरी सोडताना हातात पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक ठिकाणी ‘नॉर्मल डाएट’ किंवा ‘सॉफ्ट डाएट’ आधीच छापलेले असते. ती ओळ खोडून तिथे ग्लुटेनमुक्त आहार असे लिहून, त्यावर सही घ्यावी लागते, कारण पुढच्या वेळी दाखल करणारा डॉक्टर हेच कार्ड वाचणार असतो.