तळपायाचा तीळ

आमच्या आत्याच्या टाचेवर काळा डाग होता. शेतात अनवाणी वावरणारी बाई. कुरूप समजून दोन वर्षे बिब्बा लावत राहिली. रक्त येऊ लागले तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेले. तुकडा काढून तपासला. निघाला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग.

तो डाग मी पाहिला होता. सौ.चे माहेर धारवाडचे. तिच्याकडे तिळाला 'मच्चे' म्हणतात. तळपायाला तीळ म्हणजे प्रवासयोग, हे मात्र दोन्ही घरांत मानतात. "आत्या, तुला काशीयात्रा घडणार बघ!" असे मीच हसून म्हणालो होतो.

निदान कळले त्या रात्री मुलीने विचारले, "पप्पा, हे आपल्या रक्तात आहे का?"

डॉक्टरांनी समजावले ते असे. गोऱ्या लोकांत हा रोग मुख्यतः उन्हाने होतो आणि दहातल्या साधारण एका रुग्णाच्या नात्यात तो आधी झालेला असतो. काही घराण्यांत 'सीडीकेएन२ए' या जनुकातला दोष पिढ्यानुपिढ्या उतरतो. आई किंवा वडिलांत तो असला तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. अशा घरांत स्वादुपिंडाचा कर्करोगही आढळतो. जवळच्या दोघा-तिघांना असे झाले असेल तर जनुक तपासणीचा सल्ला जरूर घ्यावा. आपल्याकडे मात्र हा रोग विरळा, आणि झालाच तर बहुधा तळपायाला किंवा नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही, आनुवंशिकतेशीही क्वचितच. गायक बॉब मार्ले याच प्रकाराने 1981 साली, अवघ्या 36व्या वर्षी गेला. सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

वेळीच सापडला तर डाग भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह काढून टाकतात. बहुतेकदा तेवढ्यावर भागते. पसरल्यास 2011 नंतर आलेली, शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी करणारी इंजेक्शने आहेत. त्यामागच्या संशोधनाला 2018 चे नोबेल मिळाले. 'बीआरएएफ' जनुकात बदल असेल तर गोळ्याही आहेत. पण खर्च मोठा, आणि तळपायाच्या प्रकारात इंजेक्शनांचा गुण कमी येतो.

आत्याच्या जांघेत गाठी पोचल्या होत्या. ती दीड वर्ष राहिली.

आता दर रविवारी न्हाणे झाले की आम्ही एकमेकांचे तळपाय पाहतो. वेडावाकडा, दोन-तीन रंगांचा, वाढत जाणारा डाग किंवा नखातली रुंदावणारी काळी रेघ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायची. बिब्बा लावायचा नाही. प्रवासयोगाचे नंतर पाहू.