मावशींचा धवला आणि मोबाइलमधले पैसे

अँटॉप हिलच्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी एरवी तुमच्याशी हप्ते, व्याज, वसुली नाहीतर मसाल्याच्या पॅकिंगबद्दल बोलते. आज गाण्यांबद्दल बोलणार आहे. पण घाबरू नका, विषय पैशांचाच आहे.

दोन महिन्यांपूर्वी गटाची मीटिंग होती. हजेरी झाली, वसुली झाली, चहा आला. तेवढ्यात एका सदस्येच्या मुलीनं मोबाइल पुढे केला. कुणाच्या तरी हळदीचं रील होतं. नवरी, करवल्या, नाचणारी पोरं, आणि मागे धवला चाललेला. आम्ही सगळ्या एकदम मावशींकडे बघायला लागलो, कारण आवाज त्यांचाच होता. मावशी मूळच्या उरणकडच्या आगरी, लग्न होऊन सायन कोळीवाड्यात आल्या. आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधींच्या वेळी धवले गाते ती धवलारीण. मावशींच्या आईपासून त्यांच्या घरात हे चालत आलेलं आहे. मावशी सांगतात, पूर्वी भटजी उशिरा आला तरी चालायचं, धवलारणीवाचून लग्न लागायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी एक स्टुडिओवाला आला होता. अर्धा दिवस बसवून त्यानं मावशींकडून चार गाणी गाऊन घेतली. तीन पारंपरिक धवले आणि एक मावशींनी स्वतः रचलेलं, लेकीची पाठवणी करतानाचं. दोन हजार रुपये दिले, वडापाव दिला, एका कागदावर सही घेतली. आता तेच रचलेलं गाणं त्याच्या चॅनलवर सहा लाखांवर वेळा पाहिलं गेलंय. खाली स्टुडिओचं नाव आहे, कॅमेरावाल्याचं आहे, अगदी मेकअपवाल्याचंही आहे. मावशींचं नाही.

मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, याचे पैसे कोनाला जातान?"

मला उत्तर देता आलं नाही. बीए झालेली मी, बँकेत गटाचं कर्ज मंजूर करून आणते, आणि एका गाण्याचा हिशोब मला सांगता येईना. म्हणून मग माहिती काढली, वाचलं, विचारलं. ते तुमच्यापुढे मांडते.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या देशात गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कोलकात्यात. त्यात गौहर जान यांची गाणी होती. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या परदेशात तयार व्हायच्या, तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून ती पद्धत पडली. मला ही गोष्ट फार आवडते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तबकडीत गाणाऱ्या बाईचं नाव तिच्याच आवाजात आहे, आणि आजच्या मोबाइलमध्ये मावशींचं नाव लिहायला कुणाला एक ओळ सापडली नाही.

तबकडी महाग, फोनो महाग. पुढे १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि आपल्यासारख्यांच्या घरात गाणं विकत आलं. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी, आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं, भीमगीतं, कोळीगीतं हे सगळं कॅसेटवरच वाढलं. मोठ्या कंपन्या ज्या गाण्यांकडे बघत नव्हत्या, ती छोट्या कंपन्यांनी काढली. हिशोब सोपा होता: कॅसेट विकली गेली की पैसे दुकानदाराला, कंपनीला, आणि कराराप्रमाणे कलाकाराला. बऱ्याच वेळा कलाकाराला एकदाच रोख रक्कम.

मग मोबाइल आला. तुम्हाला आठवत असेल, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की वीस-तीस रुपयांत दुकानदार गाणी भरून द्यायचा. माझ्याही पहिल्या फोनमध्ये अशीच भरलेली गाणी होती, खोटं कशाला बोलू. त्यातला एक पैसाही गायकाला जात नव्हता. त्याच काळात गाण्याच्या कंपन्यांना खरा पैसा मिळाला तो कॉलर ट्यूनमधून. आपल्याला फोन करणाऱ्याला गाणं ऐकू यावं म्हणून आपण महिन्याला तीस रुपये भरायचो, आणि त्यातला मोठा वाटा फोन कंपनी ठेवायची. आमच्या वस्तीतल्या कित्येक बायकांचे तर न विचारताच कापले जायचे. चुकून एखादं बटण दाबलं की ट्यून चालू. माझ्या सासूबाईंना तर चार महिने कळलंच नाही. शेवटी २०१३ साली ट्रायनं ग्राहकाचा दोनदा होकार घेणं सक्तीचं केलं.

२०१६ साल या सगळ्यात महत्त्वाचं. त्या वर्षी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं. १९४८पासूनचं दुकान. एप्रिलमध्ये 'सैराट' आला आणि त्याची गाणी हातोहात मोबाइलवरून फिरली. सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं, सुरुवातीला फुकट. त्याआधी एक जीबीचा पॅक घ्यायचा तर अडीचशेच्या आसपास जायचे आणि तो आपण महिनाभर पुरवून वापरायचो. आता रोजचा एक-दीड जीबी रात्री उरतो. गाणं विकत घ्यायची, भरून घ्यायची गरजच संपली. ते कुठेतरी दूर साठवलेलं असतं आणि आपण लावलं की येतं.

मग पैसे कसे येतात? दोन वाटा आहेत.

पहिली गाण्यांच्या ॲपची. हे भिशीच्या उदाहरणानं समजून घ्या. महिनाभरात वर्गणीचे आणि जाहिरातींचे जेवढे पैसे जमले, त्यातला आपला वाटा ॲप काढून घेतं आणि उरलेले एका हंड्यात टाकतं. मग देशभरात जेवढ्या वेळा गाणी ऐकली गेली, त्यात कुणाचं गाणं किती वेळा वाजलं त्या प्रमाणात हंडा वाटला जातो. म्हणजे तुम्ही महिनाभर फक्त मावशींनाच ऐकलंत तरी तुमचे पैसे थेट मावशींकडे जात नाहीत. ते हंड्यात जातात आणि हंड्यातला मोठा भाग ज्यांची गाणी कोट्यवधी वेळा वाजतात त्यांच्याकडे. आपल्या भिशीत निदान प्रत्येकीचा नंबर लागतो! शिवाय आपल्याकडे बहुतेक जण वर्गणी न भरता जाहिराती ऐकत गाणी ऐकतात, त्यामुळे हंडाच लहान. एका वेळच्या ऐकण्याला रुपयाचा अगदी बारीक तुकडा येतो. स्पॉटिफायनं तर २०२४पासून नियमच केला, की वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काहीच नाही.

दुसरी वाट यूट्यूबची. तिथे चॅनलला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलेलं असलं, की जाहिरातींचे पैसे मिळू लागतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले शंभरातले पंचावन्न रुपये चॅनलवाल्याचे. शब्द नीट ऐका. चॅनलवाल्याचे, गाणाऱ्याचे नव्हेत. मावशींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच.

याचा फायदा झालेलेही आहेत. जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४च्या सुरुवातीला आलं. सिनेमातलं गाणं नव्हे, कुणा नामवंत संगीतकाराचं नव्हे. त्यानंच लिहिलं, त्यानंच गायलं, आणि रीलवरून ते परदेशातल्या पोरापोरींपर्यंत गेलं. कॅसेटच्या काळात त्याला आधी मुंबईत येऊन कुणाच्या तरी ऑफिसबाहेर बसावं लागलं असतं. त्यामुळे मोबाइलनं कलाकाराचं वाटोळं केलं असं मी म्हणणार नाही. दार उघडलंच आहे. फक्त दारावर कुणाच्या नावाची पाटी आहे ते बघायला हवं.

आता थोडा कायदा. एका गाण्यात वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा, गाणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा. पारंपरिक धवला किंवा जात्यावरची ओवी यांचे शब्द आणि चाल कुणाच्या मालकीची नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, आणि तिथे ओवी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव दिलेलं असतं. ओवी कुणीही गाऊ शकतं. पण एखाद्यानं ती गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित केली, तर त्या मुद्रणाचा हक्क वेगळा असतो. यूट्यूबची यंत्रणा आवाज ओळखते आणि हक्क सांगणाऱ्याला कळवते. आमच्या मंगळागौरीच्या व्हिडिओचा आवाज गेल्या वर्षी असाच बंद झाला होता, कारण मागे मंडळाच्या स्पीकरवर सिनेमाचं गाणं चालू होतं. आमची फुगडी गेली, झिम्मा गेला, सगळं मुकं. तो दावा बरोबर होता. पण पारंपरिक गाणं तुम्ही स्वतः गायलंत आणि तरी कुणी दावा केला, तर तिथेच हरकत नोंदवायची सोय असते, ती वापरा.

मावशींचं चौथं गाणं मात्र पारंपरिक नाही. शब्द त्यांचे, चाल त्यांची. त्यासाठी कुठे नोंदणी केलेली असायलाच हवी असं नाही, रचलं तेव्हाच हक्क तयार होतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांनी बाकी हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तो वारसांना किंवा कलाकारांच्या हक्कसंस्थेलाच देता येतो. गीतकार-संगीतकारांची अशी संस्था आयपीआरएस, १९६९ची, मुंबईतलीच. गायकांची इसाम्रा, आधीची इस्रा. गाणाऱ्याला व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टी मागण्याचा आणि गाणारी म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही त्याच दुरुस्तीनं दिला.

आणखी एक कलम आम्हाला फार उपयोगी पडलं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.

हे कळल्यावर आम्ही कागद शोधायला लागलो, तर मावशींकडे प्रतच नव्हती. सही केली, कागद तो घेऊन गेला. आपण गटाच्या पासबुकात रुपयाचा फरक पडला तर बँकेत भांडतो, आणि इथे सही केलेल्या कागदाची झेरॉक्स मागितली नाही. तीन आठवडे फोन केल्यावर त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पाच ओळींचा कागद. "सर्व हक्क दिले" असं लिहिलेलं. मुदत नाही, प्रदेश नाही, रॉयल्टीबद्दल अक्षर नाही.

आम्ही तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन गेलो. हे लक्षात ठेवा, बाईला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. वकीलबाईंनी कागद वाचला, तारीख बघितली आणि बोटावर वर्षं मोजली. पाचातली तीन गेली, दोन उरली. तोवर गप्प बसायची गरज नाही, कारण नाव आणि वाटा आजही मागता येतो, असं त्या म्हणाल्या. मग पत्र तयार झालं. त्यात तीन मागण्या आहेत: व्हिडिओखाली गायिका, गीतकार आणि चाल म्हणून मावशींचं नाव, आजवरच्या उत्पन्नाचा हिशोब, आणि चौथ्या गाण्याच्या रॉयल्टीतला वाटा. आयपीआरएसच्या सभासदत्वाचा अर्जही आम्ही भरायला घेतलाय. त्यात रचनांची यादी द्यायची म्हणून विचारलं, तर मावशींनी अशी अकरा गाणी सांगितली, जी आम्ही सगळ्या इतकी वर्षं पारंपरिक समजून त्यांच्या मागे म्हणत होतो.

पत्र पोचल्याची पावती आली आहे. नाव लागलंय, मागच्या सोमवारी. आडनाव चुकीचं लिहिलंय, ते दुरुस्त करायला सांगितलंय. हिशोब अजून आलेला नाही.