सीसी नको, पार्ट नंबर बोला!

बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्याकडे सेकंडहँड ऑटोमॅटिक आली. क्लच नाही, कटकट नाही. बाबा एकदम खूश! आणि मग लातूरबाहेर मी ती दगडावर घातली. गिअरबॉक्सचं हाउसिंग फुटलं, ऑइल रस्त्यावर. नव्या बॉक्सचं कोटेशन ऐकून मला माझे सगळे ईएमआय आठवले.

तेवढ्यात नांदेडच्या मित्राचा फोन, ‘‘इथं जुना बॉक्स आहे, निम्म्या पैशात. मॉडेल वेगळं, पण इंजिन सेम, ९९८ सीसी!’’

लातूरचे आमचे मिस्त्री हसले. ‘‘भाऊ, इंजिन सारखं हाय म्हणून बॉक्स बसतोय व्हय?’’

प्रकरण असं आहे. २०१४ मध्ये सेलेरिओसोबत आपल्या छोट्या गाड्यांत आलेली एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटरच्या हुकमावर यंत्र करतं. मॉडेल बदललं की माउंटिंग, गिअर रेशो, वायरिंग बदलू शकतं. बॉक्स बोल्टला बसेलही, पण कॉम्प्युटरशी जुळला नाही तर गाडी जागेवरच! जुळला तरी स्कॅनर लावून क्लच नव्यानं सेट करावा लागतो.

अहमदपूर, लोहा करत मी नांदेडला गेलो, पण पार्ट नंबर लिहून घेऊन. नंबर जुळेना. मोह आवरला. तीन आठवड्यांनी आमच्याच मॉडेलचा बॉक्स मिळाला. तोवर बाबा रिक्षानं फिजिओकडे जायचे, रोज मला टोमणे मारत.

आता गाडी तेच चालवतात. मला किल्ली मिळत नाही!