रंगातून वीज कशी तयार होते? इलेक्ट्रॉनची उडी पकडणारा लेझर

डाळिंब सोललं की बोटं लाल होतात, जांभूळ खाल्लं की जीभ जांभळी. कपड्यावर डाग पडला तर घरात बोलणी बसतात ती वेगळीच! पण हा डाग पाडणाऱ्या रंगद्रव्यापासून, म्हणजे अँथोसायनिनपासून, उन्हात थोडी वीजही बनवता येते. कशी, ते आज समजून घेऊ या.

1991 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रॅट्झेल यांनी एक वेगळाच सौर सेल जगापुढे ठेवला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी त्यांनी घेतली, पण अतिसूक्ष्म नॅनोकणांच्या रूपात. कण जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा. म्हणून रंग बसायला भरपूर जागा मिळते. या कणांवर त्यांनी रंगद्रव्याचा पातळ थर चढवला.

ऊन पडलं की रंगाच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उत्तेजित होतो आणि उडी मारून नॅनोकणात जातो. तिथून तो तारेत गेला तर वीज मिळाली. वाटेतच मागे फिरून रंगाकडे परतला, तर मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया गेली. सगळा खेळ या दोन वेगांचा आहे. जाणं झटपट हवं आणि परतणं सावकाश.

ही उडी बऱ्याच रंगांमध्ये 100 फेम्टोसेकंदांच्या आसपास किंवा त्याहूनही लवकर पुरी होते. फेम्टोसेकंद म्हणजे किती? एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी! सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशसुद्धा एका फेम्टोसेकंदात केसाच्या जाडीचा शंभरावा भागही ओलांडत नाही.

मग एवढा वेळ मोजायचा कशाने? असं घड्याळच नाही. म्हणून लेझरचे दोन स्पंद वापरतात. पहिला स्पंद रंगाला जागं करतो. दुसरा थोड्या उशिराने येऊन आतली परिस्थिती पाहतो. इलेक्ट्रॉन नॅनोकणात पोचला असेल तर तो इन्फ्रारेड प्रकाश शोषतो, आणि त्यावरून त्याचा पत्ता लागतो. उशीर करायची युक्ती तर फार साधी आहे. वाटेतला आरसा दीड मायक्रॉन मागे सरकवायचा. प्रकाशाला जाऊन-येऊन तीन मायक्रॉन जास्त चालावं लागतं, आणि तो 10 फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. असे एकेक पाऊल मोजत गेलं की उडीचा सगळा हिशेब हाती येतो.

रेणूंमधले बदल फेम्टोसेकंदांत टिपण्याची ही वाट दाखवल्याबद्दल अहमद झवैल यांना 1999 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इजिप्तच्या दमनहूर गावी जन्मलेले झवैल अलेक्झांड्रियाला शिकले आणि पुढे अमेरिकेत कॅलटेकमध्ये प्राध्यापक झाले. नॅनोकण आणि रंगांमधली ही उडी आपल्या मुंबईतही, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, लेझरने अभ्यासली गेली आहे.

फळांच्या रंगातून वीज फारच थोडी मिळते, आणि तो रंग उन्हात टिकतही नाही. चांगला रंग कोणता, हे नुसतं बघून कळत नाही. इलेक्ट्रॉन किती लवकर गेला आणि किती वेळ थांबला, ते मोजावंच लागतं. आपल्या मुलामुलींना बारावीनंतर डॉक्टर-इंजिनिअर हे दोनच रस्ते आपण सांगतो. बीएस्सी, एमएस्सी करून अशा प्रयोगशाळेत पोचणारा तिसरा रस्ताही आहे. तोही त्यांना सांगू या.