हरकती व सूचना

सकाळी ७.३०
आधी राजपत्र, मग वर्तमानपत्र. तेल, गॅस आणि रसायनांच्या एका कंपनीत मी धोरण विभागात आहे. नातेवाइकांना ‘सरकारी पत्रव्यवहार बघते’ एवढंच सांगते, तरी मामांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “म्हणजे पाकिटं पोचवायची?” पाकिटं नाहीत, तक्ते असतात. कारखाने किनाऱ्याला, मंत्रालयं दिल्लीत आणि आमचा विभाग बेंगळुरूत, कारण आकडेमोड करणारी माणसं इथे मुबलक.

ऑगस्ट २०२५ चा तिसरा आठवडा. जूनमध्ये पर्यावरण मंत्रालयाने रिफायनरी, पेट्रोकेमिकल आणि कापड उद्योगासाठी हरितगृह वायूंच्या तीव्रतेची, म्हणजे टनभर मालामागे होणाऱ्या उत्सर्जनाची, उद्दिष्टं ठरवणारा मसुदा काढला. हरकती व सूचनांना ६० दिवस. त्यातले आता मोजकेच उरलेत.

८.४५
हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडी उभी, म्हणजे दिल्लीच्या सहकाऱ्याशी निवांत बोलता येतं. सरकार हे एकच घर आहे असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात मसुदा पर्यावरण मंत्रालयाच्या नावाने निघतो, त्यातले आकडे ऊर्जा मंत्रालयाखालच्या बीईईने (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने) काढलेले असतात आणि आमची बाजू ऐकून घेणारं तिसरंच, पेट्रोलियम मंत्रालय. तिन्हीकडे तीच गोष्ट बोलायची हा आमचा नियम. तो पाळणं वाटतं तेवढं सोपं नाही. समोरचा मान डोलवायला लागला की जीभ घसरते.

१०.००
आजचं खरं काम. तक्त्यात चार रकाने: कलम, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. हवामान धोरणावर कंपनीचं मत काय, हे कळायला अहवालातली हिरवी पानं चाळण्यापेक्षा चौथा रकाना वाचावा.

कारखान्यातले एक ज्येष्ठ अभियंते फोनवर आहेत.

“मॅडम, २६-२७ ला आमचा मोठा शटडाऊन आहे. बंद करताना, चालू करताना फ्लेअर जळतो, माल मात्र शून्य. टनामागचा आकडा चढणारच. त्याची सूट मागा.”

मागणी रास्त आहे. २०१२ पासून चाललेल्या ‘पॅट’ या ऊर्जाबचतीच्या योजनेतही अशा गोष्टींसाठी हिशेब सारखा करून घेण्याची सोय होती. पण माझ्यासमोर २०२३-२४ चे आकडे उघडे आहेत. तेच आधारवर्ष.

“साहेब, २३-२४ ला पण महिनाभर बंद होतं ना?”

“होतं की.”

“मग आधाराचा आकडा आधीच फुगलेला आहे. तिथे फायदा घ्यायचा आणि इथे सूट मागायची?”

थोडा वेळ पंख्याचा आवाज. मग ते हसले. “ते त्यांनी शोधायचं, आपण कशाला सांगायचं?”

या एका वाक्यावर आमच्या धंद्यातली निम्मी कारकीर्द उभी आहे. मी लिहिलं: शटडाऊनचा हिशेब दोन्ही वर्षांत सारखाच करावा. दोन्ही, नाहीतर एकही नाही. त्यांनी कुरकुरत दोन्ही वर्षांच्या नोंदी पाठवायचं कबूल केलं.

ज्यावर हरकत कुणीच घेणार नाही, तीही गोष्ट याच मसुद्यात आहे. उद्दिष्ट तीव्रतेचं आहे, एकूण उत्सर्जनाचं नाही. समजा, एखादा कारखाना १० लाख टन माल काढतो आणि टनामागे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो: एकूण २० लाख टन. तीव्रता ५ टक्क्यांनी उतरवून १.९ वर आणली, उत्पादन १२ लाख टनांवर नेलं, तर एकूण होतं २२.८ लाख. उद्दिष्ट गाठलं, त्याच्याही खाली गेलं असेल तर विकायला कार्बन क्रेडिटही मिळाली, आणि हवेत पूर्वीपेक्षा जास्त गेलं. वाढत्या देशाने तीव्रतेचा मार्ग का निवडला हे मला समजतं. २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४५ टक्के घट, हे भारताचं जाहीर वचनही तीव्रतेचंच आहे. पण आमच्या बैठकांत ‘उत्सर्जन कमी केलं’ असं सरसकट म्हणतात, तेव्हा मी ‘टनामागे’ हा शब्द घालत बसते. कंटाळतात लोक.

१.१५
कँटीनमध्ये बिसीबेळे बात. पानावर तरी कोणी हरकत घेत नाही.

२.३०
उद्योग संघटनेची ऑनलाइन बैठक. पत्राचा मसुदा वाचून दाखवतात: उद्दिष्टं दोन वर्षं पुढे ढकलावीत, दंड सौम्य करावा. दंड म्हणजे उद्दिष्ट चुकलं तर कार्बन क्रेडिटच्या सरासरी किमतीच्या दुप्पट भरपाई. आमच्या स्वतःच्या तक्त्यात मात्र कार्बनच्या किमतीला पाठिंबा आहे, आक्षेप फक्त मोजणीवर. म्हणजे कंपनी एका हाताने हो लिहिणार आणि दुसऱ्या हाताने वर्गणी भरून नाही लिहून घेणार.

“आमचं नाव या पत्राखाली नको,” मी म्हटलं.

“मॅडम, हे सगळ्यांच्या वतीने आहे. कुणा एकाचं मत नाही.”

सोय नेमकी तीच. बाहेर यावरून बरीच रणं झाली आहेत. शेलने २०१९ मध्ये आपण सदस्य असलेल्या १९ संघटनांच्या हवामान भूमिका तपासून अहवाल छापला आणि अमेरिकेतली रिफायनरीवाल्यांची संघटना सोडली. टोटलने २०२१ च्या जानेवारीत अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं सदस्यत्व सोडलं. एवढ्याने त्या कंपन्या साधू झाल्या असं नाही, त्यांचं तेल चालूच आहे. पण कोण कुणाच्या तोंडून काय बोलतं, हे निदान छापून आलं. आपल्याकडे लॉबिंगची नोंदवही ठेवणारा कायदाच नाही.

मी युरोपचा मुद्दा काढला. जानेवारी २०२६ पासून सीबॅमचा, म्हणजे आयात मालावरच्या त्यांच्या कार्बन शुल्काचा, खरा खर्च सुरू होणार: पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं. कार्बनची किंमत मूळ देशात भरली असेल तर तिथे तेवढी वजा होते. मग तो पैसा ब्रसेल्सला का द्यायचा? यावर दोघा-तिघांनी माना डोलावल्या. पत्रातला शब्द बदलला नाही. आमचे साहेब म्हणाले, संघटना सोडायची नाही, वेगळं मत नोंदवू. अर्धं काम झालं. अर्ध्यावर खूश व्हायची सवय वाईट, पण ती लागली आहे.

४.३०
उद्या विकाससौधला भेट. त्याचं एक पानी टिपण. राज्याकडे विषय वेगळे असतात. दाभोळहून निघून बेळगावमार्गे बेंगळुरूपर्यंत गॅसची वाहिनी २०१३ मध्ये आली, पण नैसर्गिक वायू अजून जीएसटीबाहेर आहे आणि त्यावरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो. तो सोडा, हे कुठल्या तोंडाने सांगणार? दुसरा मुद्दा हरित विजेच्या ओपन ॲक्सेसचा, म्हणजे ती थेट उत्पादकाकडून घेण्याच्या मुभेचा: केंद्राचे २०२२ चे नियम कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केले. टिपणात मी मागण्या तीनवरून एकवर आणल्या. अधिकाऱ्याला एकच लक्षात राहते.

६.१५
सेबीच्या बीआरएसआरसाठी, म्हणजे कंपनीच्या जबाबदारी व शाश्वततेच्या वार्षिक अहवालासाठी, नोंद आजच करून ठेवते, नाहीतर वर्षअखेरीस कुणाला काही आठवत नाही. त्यातलं सातवं तत्त्व धोरणावर प्रभाव टाकण्याबद्दल आहे. संघटनांची यादी देणं सक्तीचं. कंपनीने कोणती भूमिका मांडली, कुठल्या मार्गाने, ती सार्वजनिक आहे का, हे ऐच्छिक. मार्ग: लेखी हरकती, शिवाय संघटनेमार्फत निवेदन. सार्वजनिक आहे का, या रकान्यात मी ‘हो’ लिहिलं आणि आमचा तक्ता संकेतस्थळावर टाकायची विनंती कायदा विभागाला पाठवली.

सव्वासातला उत्तर आलं: आधी संघटनेचं पत्र जाऊ दे, मग बघू.